वर्गात पेंगणारा मित्र

मुलांनो, वर्गात कुणी पेंगला की आपण लगेच हसतो, हो ना? पण थांबा, आधी हे ऐका.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून दमलेली माणसे गाढ झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला. दगडमातीची घरे झोपलेल्यांवर कोसळली. हजारो माणसे गेली. भारतीय जैन संघटनेने तिथल्या सुमारे १२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला आणले.

संकट झोपेत आले, तर झोपेचीच भीती बसणार! आपल्या मेंदूत अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग असतो. तो म्हणजे शेतातला जागल्याच. मोठ्या आघातानंतर, चोर गेला तरी हा जागल्या ओरडतच राहतो. मग तेच स्वप्न पुन्हा पुन्हा पडते, दचकून जाग येते. युद्धामुळे देश सोडावा लागलेल्या निर्वासितांचेही असेच होते.

यावर उपचार आहेत बरं का! समुपदेशक ते स्वप्न दिवसाउजेडी सांगायला लावतात. मग त्याचा शेवट बदलायचा: भिंत पडायच्या आत सगळे अंगणात आले! हे नवे स्वप्न रोज थोडा वेळ मनात घोळवायचे. हळूहळू पुष्कळांची भीतीची स्वप्ने कमी होतात. शिवाय रोज ठरल्या वेळी उठायचे.

पालकांनो, आघातानंतर महिना उलटूनही मूल असे दचकत असेल तर रागावू नका, डॉक्टरांना दाखवा.

आपल्या बारामती-इंदापूरच्या शाळांतही पूर, अपघात पाहिलेला एखादा मित्र असेल. तो पेंगला तर हसाल, की डबा खाताना त्याच्याजवळ बसाल?