धूर खाणारा पूल

दम्याचे एक जुने रुग्ण परवा दवाखान्यात वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन आले. “डॉक्टर, असा धूर खाणारा पांढरा पूल आपल्या गावात झाला, तर माझा दमा कमी होईल का?” प्रश्न भाबडा नव्हता. उत्तर नीट द्यायला हवे होते.

पांढरे सिमेंट आपल्या ओळखीचे आहे. फरशीच्या सांध्यांत आपण ते भरतो. नेहमीच्या सिमेंटला करडा रंग येतो तो मुख्यतः लोहामुळे. लोह अगदी कमी असलेला चुनखडक आणि माती निवडून भाजली, की सिमेंट पांढरे होते. पण भट्टीत वितळण्याला लोहाची मदत होत असते. ते नसल्याने आच वाढवावी लागते आणि इंधन जास्त जळते. म्हणजे पांढऱ्या रंगाची किंमत आधी धुरानेच चुकवलेली असते.

आता पुलाकडे वळू. अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात मिसिसिपी नदीवरचा महामार्गाचा पोलादी पूल १ ऑगस्ट २००७ रोजी वाहनांसह कोसळला. १३ माणसे गेली, १४५ जखमी झाली. सांधे जोडणारे काही पत्रे मूळ आराखड्यातच हवे त्याच्या निम्म्या जाडीचे होते, असे चौकशीत आढळले. वर्षानुवर्षे वाढत गेलेला भार आणि दुरुस्तीसाठी पुलावर रचलेले सामान त्यांना पेलले नाही.

त्याच जागी काँक्रीटचा नवा पूल १८ सप्टेंबर २००८ रोजी खुला झाला. तेथे लाटांच्या आकाराची, सुमारे ३० फूट उंच पांढरी शिल्पे उभारली आहेत. त्यांच्या सिमेंटमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड आहे. ऊन पडले की त्याच्या साहाय्याने पृष्ठभागावरची काजळी विघटित होते आणि वाहनांच्या धुरातील नायट्रोजन ऑक्साइडचे नायट्रेट बनते. पाऊस ते धुऊन नेतो. मात्र ही क्रिया फक्त उजेडात आणि जी हवा पृष्ठभागाला लागते तिच्यावरच होते. चार-दोन शिल्पांनी शहराची हवा शुद्ध होत नाही.

त्या पुलाचे खरे मोल करड्या भागात आहे. खांबांच्या काँक्रीटमध्ये बरेचसे सिमेंट वगळून पोलाद कारखान्यांची मळी आणि औष्णिक वीज केंद्रांची राख वापरली. आयुष्य १०० वर्षे धरले. ताण आणि हालचाल टिपणारे ३०० हून अधिक संवेदक बसवले. पुढे कधी शहरी रेल्वे न्यायची झाली, तर तिचा भार पेलेल अशी रचनाही केली. ती रेल्वे अजून त्यावरून धावत नाही. रोज जातात त्या मोटारीच.

रुग्णाच्या गालावरची लाली पाहून मी निदान करत नाही. नाडी बघतो, छातीला नळी लावतो. आपल्या गावात नवा पूल होईल तेव्हा आपणही त्याच्या रंगापाशी थांबू नये. किती वर्षे टिकेल, तपासणी कोण करणार, बस आणि सायकलीला जागा आहे का, पायी जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला कठडा आहे का, हे विचारावे.

त्या गृहस्थांना मी म्हणालो, “दादा, पुलाने धूर खाण्यापेक्षा तो निघालाच कमी, तर तुमच्या छातीला जास्त बरे.”