दांडीच्या गिअरपासून ऑटोमॅटिकपर्यंत

मराठवाड्यातल्या सरकारी बसचा इतिहास एसटीच्याही आधीचा आहे. निजाम स्टेट रेल्वेने जून १९३२ मध्ये २७ बसगाड्या घेऊन रस्ते वाहतूक विभाग काढला, तेव्हा परभणी हैदराबाद संस्थानात होती. पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली ती १ जून १९४८ रोजी. पुढे १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६१ मध्ये आजचे एसटी महामंडळ उभे राहिले.

जुन्या गाड्यांच्या गिअरबॉक्सला गिअरचे वेग आपोआप जुळवणारा सिंक्रोमेश नव्हता. ड्रायव्हर इंजिनाचा आवाज ऐकून डबल क्लच मारायचा. वेळ चुकली की दात करकरायचे. सिंक्रोमेश आला आणि पायाचे कष्ट कमी झाले. फिटरची पद्धत मात्र तीच राहिली: तेल गरम असताना काढायचे, त्यात धातूचा चुरा आहे का पाहायचे, मग ठरलेल्या ग्रेडचे नवे तेल भरायचे.

पुढची पायरी ऑटोमॅटिकची. अमेरिकेत १९४० च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबाइलमध्ये हायड्रामॅटिक हा ऑटोमॅटिक गिअर आला. आपल्याकडे २००६ नंतर शहरांतल्या लो-फ्लोअर बसमधून ऑटोमॅटिक दिसू लागला, तर २०१४ च्या सेलेरिओ कारने एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) मध्यमवर्गाच्या दारात आणली. नावे सारखी वाटली तरी दोन्हींची देखभाल वेगळी आहे. एएमटीत नेहमीचा गिअरबॉक्स आणि क्लच प्लेटच असते. फक्त क्लच दाबणे आणि गिअर टाकणे यंत्र करते. खऱ्या ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो आणि त्यात इंजिनाची ताकद तेलातून पुढे जाते. तेच तेल क्लच दाबते, वंगण देते आणि उष्णता वाहून नेते.

म्हणून परभणीचा उन्हाळा इथे महत्त्वाचा. मे महिन्यात, भरलेल्या गाडीत, थांबत-थांबत चालताना तेल तापते, काळवंडते, जळका वास येतो. रबरी सील कडक होतात, फिल्टर तुंबतो. हे तेल बहुतेक गाड्यांत सपाट जागी, गाडी तापलेली आणि इंजिन चालू असताना तपासतात, कारण गरम तेल फुगते. पॅनमधून सगळे तेल निघतही नाही; बराच भाग कन्व्हर्टरमध्ये उरतो. त्यामुळे अंदाजाने भरणे धोक्याचे.

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण मंजूर केले. अशी घरासारखी सजवलेली गाडी जड असते आणि वर्षातले बरेच दिवस उभी असते. तिचे तेल बदलताना किलोमीटरइतकेच महिनेही मोजावे लागतात.

नव्वद वर्षांत गिअर हातातून यंत्राकडे गेला, पण तेलाकडे लक्ष देण्याची गरज संपलेली नाही. परभणी जिल्ह्याच्या आयटीआयमध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्स प्रत्यक्ष खोलून शिकवला जावा. मालकांनीही ‘आयुष्यभर तेल बदलायला नको’ या दाव्यावर विसंबू नये. कंपनीचे पुस्तक उघडावे आणि त्यात लिहिलेलेच तेल, लिहिलेल्या मुदतीत भरावे.