प्रकाशपेटी

खिडकीच्या काचेवर चित्र धरून ते कोऱ्या कागदावर गिरवण्याची युक्ती बहुतेकांना ठाऊक असते. परंतु उभ्या काचेवर हात लवकर थकतो आणि सूर्य मावळताच काम थांबते. प्रकाशपेटी या दोन्ही अडचणी दूर करते.

ए-३ कागद ४२ सेंटिमीटर लांब व २९.७ सेंटिमीटर रुंद असतो. तो सहज मावेल अशी लाकडी चौकट करून तिला प्लायवूडचा तळ ठोकावा. मागची बाजू किंचित उंच ठेवल्यास मान फार वाकवावी लागत नाही. आतून पांढरा रंग द्यावा, म्हणजे प्रकाश परावर्तित होऊन सर्वत्र पसरतो. तळावर समान अंतराने १२ व्होल्टची एलईडी पट्टी चिकटवावी व वर दुधी अॅक्रिलिकचे झाकण बसवावे. पारदर्शक काचेतून दिव्यांचे ठिपके डोळ्यांना खुपतात. दुधी झाकण प्रकाश विखुरते. उष्णता बाहेर पडण्यासाठी बाजूंना छिद्रे ठेवावीत. पट्टीला योग्य अॅडॅप्टरमधूनच वीज द्यावी. घरातील २३० व्होल्टचा प्रवाह थेट जोडणे धोक्याचे आहे.

पूर्वी मुले धूळपाटीवर अक्षरे गिरवत, ती पुढे स्वतःचे लिहिता यावे म्हणूनच. चित्राचेही तसेच आहे. गिरवल्याने हाताला वळण लागते. मात्र गिरवलेले चित्र स्वतःचे म्हणून मिरवू नये.