तलावावरचा वास

बंदिस्त जलतरण तलावाच्या दारातून आत पाऊल टाकले की एक उग्र वास नाकाला झोंबतो. पुष्कळांना त्या वासाने समाधानच वाटते. क्लोरीन भरपूर घातलेले दिसते, तेव्हा पाणी शुद्ध असणार! ही समजूत उलटी आहे, आणि तिची किंमत कोण मोजतो हे सांगण्यासाठी आम्ही हा विषय घेतला. आम्ही रसायनशास्त्री नव्हे. कामगारांच्या तक्रारी ऐकता ऐकता जे वाचणे भाग पडले, तेवढीच आमची विद्या.

स्वच्छ पाण्यात बेताचे क्लोरीन घातले तर त्याला फारसा वास येत नाही. त्यापासून पाण्यात हायपोक्लोरस आम्ल तयार होते आणि ते जंतू मारते. परंतु माणसे पाण्यात उतरतात ती घाम, अंगावरचा मळ आणि (व्यासपीठावरून सांगण्याजोगे नव्हे, पण इलाज नाही) मूत्र बरोबर घेऊन. या सगळ्यांत युरिया आणि अमोनिया, म्हणजे नत्र असते. क्लोरीनची या नत्राशी गाठ पडली की क्लोरामाइन नावाची द्रव्ये होतात. त्यांतले ट्रायक्लोरामाइन पाण्यात ठरत नाही. वायू होऊन पृष्ठभागावर येते. पोहणाऱ्याचे नाक तिथेच असते, आणि काठावर उभ्या असलेल्या जीवरक्षकाचेही फारसे दूर नसते. आपण ज्याला क्लोरीनचा वास म्हणतो, तो बहुतांशी याचा. वास जितका उग्र, तितके क्लोरीन जंतूंऐवजी आपल्याच घाणीवर खर्ची पडले असे समजावे.

शुद्ध स्वरूपात हे द्रव्य भयंकर स्फोटक आहे. ते प्रथम तयार करणारा फ्रेंच शास्त्रज्ञ द्युलाँ याने १८११ च्या सुमारास त्यापायी एक डोळा आणि बोटे गमावली. तलावावर ते इतके विरळ असते की स्फोटाची भीती नाही. भीती आहे ती डोळ्यांना, घशाला आणि श्वासनलिकांना.

मूत्राची गोष्ट आम्ही मीठमसाला लावून सांगतो असे कोणी म्हणू नये. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली एक युक्ती केली. शीतपेयांतला एक कृत्रिम गोडवा शरीरातून जसाच्या तसा मूत्रावाटे बाहेर पडतो. दोन शहरांतल्या ३१ तलावांचे व गरम पाण्याच्या टाक्यांचे पाणी त्यांनी तपासले आणि तो गोडवा सगळीकडे सापडला. सुमारे ८,३०,००० लिटरच्या एका तलावात त्यांच्या हिशेबाने ७५ लिटर मूत्र होते.

आता काठावरच्या माणसाकडे वळू. पोहणारा तासाभराने घरी जातो. जीवरक्षक, शिक्षक आणि सफाई कामगार पाळी संपेपर्यंत तीच हवा घेतात. फ्रान्समध्ये १९९८ साली ६३ तलावांवरच्या ३३४ जीवरक्षकांची पाहणी प्रसिद्ध झाली. हवेत ट्रायक्लोरामाइन जितके जास्त, तितक्या डोळे, नाक व घसा यांच्या तक्रारी जास्त, असे तीत दिसले. कायमच्या दम्याचा स्पष्ट पुरावा मात्र त्या पाहणीत मिळाला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तो पुरावा दुसरीकडून आला. इंग्लंडमध्ये २००२ साली तलावावर काम करून दमा जडलेल्या तीन कर्मचाऱ्यांची हकीकत डॉक्टरांनी छापली, आणि त्याचे कारण म्हणून याच वायूकडे बोट दाखवले. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली हवेसाठी तात्पुरती मर्यादा सुचवली ती घनमीटरला अर्ध्या मिलिग्रॅमची. त्याहून कमी मर्यादा हवी, असे म्हणणारेही आहेत.

आणखी एक गंमत. फ्रान्समध्ये हाच वायू कोशिंबिरीचा पाला क्लोरीनच्या पाण्यात धुणाऱ्या कारखान्यातही आढळला. पाल्याच्या रसातही नत्र असतेच. पोहायला कधी न गेलेल्या बायांचे डोळे तिथे चुरचुरत होते!

हवा साचते का, याचे उत्तर पैशात आहे. थंड देशांत बाहेरची ताजी हवा आत घ्यायची म्हणजे ती तापवावी लागते, आणि इंधनाला पैसे पडतात. म्हणून आतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवतात. आपल्याकडे बहुतेक तलाव उघड्या आकाशाखाली आहेत, हे आपले नशीब. पण हॉटेलांत, क्लबांत छताखालचे तलाव होऊ लागले आहेत, आणि वातानुकूलनाच्या विजेचे बिल वाचवण्याचा मोह तिथेही तोच.

त्या हवेने पोलादही सुटत नाही. स्वित्झर्लंडमधील उस्टर गावी १९७२ साली बांधलेल्या तलावाचे काँक्रीटचे छत ९ मे १९८५ रोजी पाण्यावर कोसळले आणि १२ माणसे मेली. ज्या गंजरोधक पोलादी दांड्यांवर ते टांगलेले होते, त्या क्लोराइडमुळे आतून तडकल्या होत्या. वरून पाहणाऱ्याला काही दिसण्यासारखे नव्हते.

उपाय महागडे नाहीत. पाण्यातले मोकळे क्लोरीन आणि नत्राशी बांधले गेलेले क्लोरीन वेगवेगळे मोजावे. बांधलेले वाढले की थोडे पाणी काढून ताजे भरावे. पंखे गर्दीच्या वेळी तरी बंद ठेवू नयेत. काठावरच्या माणसाला मधून मधून बाहेर मोकळ्या हवेत जाता येईल अशी पाळी लावावी, आणि डोळे चुरचुरत असल्याची त्याची तक्रार वहीत नोंदवून घ्यावी. राहिले पोहणाऱ्याचे काम. हॉलंडमधल्या प्रयोगांत असे दिसले की पाण्यात उतरण्यापूर्वी साधे एक मिनिट फवाऱ्याखाली अंग धुतले, तरी अंगावरची बरीचशी घाण तिथेच निघून जाते.