संग्रहालयातली पाटी कशी वाचायची?

जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आली. त्यांच्या जुन्या पेटीवरचा मजकूर सांगतो: ही शिवाजी महाराजांची, यांनीच मुघल सेनापतीला मारलं, पुढे साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याला ती मिळाली.

आता हेच संशोधक म्हणून वाचा. अफझलखान मुघलांचा नाही, विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार. प्रतापगडची घटना १६५९ ची. डफची नेमणूक १८१८ ची. मधली १५९ वर्षं वाघनखं कुणाकडे होती, हे मजकूर सांगत नाही. म्हणून ती वापरली गेली तीच, याची खातरजमा करता येत नाही, असं लंडनचं संग्रहालयही म्हणतं. एवढ्यावरून ती खोटीही ठरत नाहीत.

पाटी म्हणजे एक दावा. आपल्या नमुन्यावरच्या लेबललाही तेच विचारायचं: कुणी लिहिलं, कधी, कशावरून?