नव्या वाचा-उपचारतज्ज्ञांची घडण

बोलणे ही सहज लाभणारी देणगी आहे, असा आपला समज असतो. परंतु जन्मतः कमी ऐकू येणारे बालक, दुभंगलेल्या टाळूमुळे अस्पष्ट बोलणारा विद्यार्थी किंवा पक्षाघातानंतर शब्द न आठवणारा वृद्ध यांच्या दृष्टीने ती सहजसाध्य नसते. अशांना साहाय्य करणारा वाचा-उपचारतज्ज्ञ केवळ ग्रंथ वाचून तयार होत नाही. प्रारंभीच्या काळात त्याला लाभणाऱ्या अनुभवी मार्गदर्शनावर पुढील असंख्य रुग्णांचे हित अवलंबून असते.

प्रशिक्षणाची व्यवस्था

मुंबईच्या नायर रुग्णालयात १९६६ पासून या विषयाचे शिक्षण दिले जात आहे. केंद्र शासनाची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ मध्ये मुंबईतच स्थापन झाली. श्रवण व वाचाविषयक पदवी अभ्यासक्रमाचा कालावधी चार वर्षांचा असून त्यांपैकी अखेरचे वर्ष आंतरवासितेचे असते. १९९२ च्या अधिनियमान्वये भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी झाल्याशिवाय हा व्यवसाय करता येत नाही.

मार्गदर्शक काय शिकवितो?

चार वर्षांचे एखादे मूल बोलत नाही म्हणून पालक त्याला घेऊन येतात. नवा प्रशिक्षणार्थी उत्साहाने चित्रे दाखवून शब्द वदवून घेऊ लागतो. अशा वेळी मार्गदर्शक त्याला थांबवून एकच प्रश्न विचारतो : या मुलाची श्रवणचाचणी झाली आहे काय? ऐकू न येणाऱ्या मुलाकडून शब्दांची अपेक्षा करण्यात महिने गेले, तर भाषा शिकण्याचा मोलाचा काळ वाया जातो.

दुसरा धडा बोलीचा. वऱ्हाडातील मूल ‘डोळा’ऐवजी ‘डोया’ म्हणते. अनेक घरांत ‘पाणी’चे ‘पानी’ होते. हे उच्चारदोष नव्हेत, ती त्या घरची भाषा होय. ग्रंथातील प्रमाण उच्चारांचा तक्ता समोर ठेवून अशा मुलावर दोषाचा शिक्का मारणे अन्यायाचे ठरेल. मुलाचे बोलणे प्रथम त्याच्या आईच्या बोलण्याशी ताडून पाहावे, ही दृष्टी मार्गदर्शकाच्या सहवासातच येते.

तिसरी बाब जिवाशी निगडित आहे. पक्षाघाताच्या काही रुग्णांना गिळणे कठीण जाते. अन्नपाणी श्वासनलिकेत उतरून फुप्फुसदाह होण्याचा धोका असतो आणि प्रत्येक रुग्णाला अशा वेळी खोकला येतोच असे नाही. म्हणून गिळण्याची तपासणी प्रशिक्षणार्थ्याने एकट्याने करू नये, हा दंडक कटाक्षाने पाळावा लागतो.

जबाबदारी टप्प्याटप्प्याने

चांगला मार्गदर्शक प्रथम स्वतः उपचार करून दाखवितो, नंतर दोघे मिळून करतात आणि अखेर तो बाजूला बसून केवळ निरीक्षण करतो. चूक झाल्यास रुग्णाच्या जिवाला धोका नसेल तेव्हा पालकांसमोर न बोलता तो नंतर एकांतात चर्चा करतो. केवळ ‘ठीक आहे’ न म्हणता नेमके काय साधले व काय राहिले ते सांगतो. ‘मला हे ठाऊक नाही, मी विचारून सांगतो,’ असे म्हणण्याचे धैर्य शिष्याच्या अंगी यावे, हीच या शिक्षणाची खरी कसोटी होय.

आपले सहकार्य

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्याखालील जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत श्रवण व वाचातज्ज्ञाच्या पदाची तरतूद आहे. अशा ठिकाणी एकट्याने काम करणाऱ्या नवोदितास ज्येष्ठांचा सल्ला नियमितपणे मिळेल, अशी व्यवस्था अधिकाऱ्यांनी करावी. मार्गदर्शनास दिलेला वेळ हा कामाचाच भाग मानावा व तपासणीसाठी शांत खोली द्यावी. वर्गात हाक मारूनही न वळणाऱ्या किंवा बोलणे टाळणाऱ्या मुलाची नोंद शिक्षकांनी वेळीच करावी. ‘मोठे झाल्यावर बोलेल’ या समजुतीने थांबलेल्या कुटुंबाला पंचायत सदस्यांनी केंद्रापर्यंत पोहोचवावे.

एका नवोदिताला दिलेले एक वर्षाचे काळजीपूर्वक मार्गदर्शन पुढे कितीतरी मुक्या घरांत शब्द आणू शकते.