एकच गाडी, तीही वेगवान

विंचूरच्या उपबाजारात कांद्याच्या लिलावाची वेळ झाली की नाशिक–छत्रपती संभाजीनगर रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्या, पिकअप, एसटी आणि दुचाक्यांची अशी दाटी होते, की मागच्या प्रत्येक गाडीचा वेग पुढचा ट्रॅक्टरच ठरवतो. द्राक्षाच्या हंगामात त्यात क्रेट भरलेल्या गाड्यांची भर पडते. हाच रस्ता धरून पूर्वेला येवला, वैजापूर मागे टाकत संभाजीनगरच्या पलीकडे गेलं की शेंद्रा औद्योगिक वसाहत लागते. भारतातल्या वेगवेड्या गाडीमालकांच्या तोंडी कायम असलेलं एक नाव, स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस, याच शेंद्र्याशी जोडलेलं आहे.

दारात एकच गाडी ठेवायची आणि तीच स्पोर्ट्स कार असावी, ही इच्छा आता फक्त मुंबईतल्या श्रीमंतांची राहिलेली नाही. पण त्या गाडीने शाळा, बाजार, लग्नकार्य, दवाखाना आणि मुंबईची फेरी हे सगळं निभवायला हवं. कंपनीच्या माहितीपत्रकात शून्य ते शंभरला लागणारे सेकंद ठळक छापलेले असतात. रोजच्या वापरात मात्र गाडीचं पोट, टायर, पेट्रोल आणि दुरुस्ती या चार गोष्टी खऱ्या अर्थाने महत्त्वाच्या ठरतात.

मराठी माणसाच्या मनातली स्पोर्ट्स कार म्हणजे सचिन तेंडुलकरची लाल फेरारी. ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केल्याबद्दल २००२ मध्ये फियाटतर्फे मायकेल शूमाकरने ती सचिनला दिली. फेरारी ३६० मोडेना, ३.६ लिटरचं व्ही-८ इंजिन, सुमारे ४०० अश्वशक्ती. पुढे तिच्या आयात शुल्काच्या माफीवरून वाद पेटला आणि शेवटी शुल्क कंपनीने भरलं. २०११ मध्ये ती सुरतच्या एका व्यावसायिकाकडे गेली. ती गाडी दोन आसनांची होती. चौकोनी कुटुंबाची एकुलती गाडी म्हणून तिचा विचारच होऊ शकत नाही.

भारतीय रस्त्यांसाठी स्पोर्ट्स कार घडवण्याचे प्रयत्न आपल्याकडेही झाले. १९९८ मध्ये गोव्यातून सॅन स्टॉर्म आली. फायबरची हलकी बॉडी, दोन आसनं, रेनोचं १,१४९ सीसी इंजिन आणि जेमतेम ६० अश्वशक्ती. २०१२ च्या दिल्ली ऑटो एक्स्पोत दिलीप छाब्रिया यांची डीसी अवंती दिसली. तिच्यातही रेनोचंच इंजिन होतं, दोन लिटरचं, टर्बो लावलेलं. तिच्या रचनाकारांनी आपल्या रस्त्यांचा विचार करून तिचं पोट जमिनीपासून बऱ्यापैकी उंच ठेवलं, हे त्यांचं श्रेय मान्य करायलाच हवं. पण आसनं पुन्हा दोनच.

हा प्रश्न खरा सोडवला तो उलट बाजूने आलेल्या गाड्यांनी. आधी घरगुती गाडी, मग तिच्यात वेगाचं इंजिन. स्कोडाने शेंद्र्याचा कारखाना २००१ च्या सुमारास सुरू केला आणि २००४ मध्ये १.८ लिटर टर्बो पेट्रोल इंजिनाची, १५० अश्वशक्तीची ऑक्टाव्हिया आरएस भारतात आणली. डिझेलच्या मायलेजवर गाडी निवडण्याच्या त्या दिवसांत हे धाडसच होतं. २०१७ ची आरएस २३० अश्वशक्तीची. शून्य ते शंभर ६.८ सेकंदांत, किंमत २४.६२ लाख रुपये एक्स-शोरूम, आणि तरीही पाच माणसं व ५९० लिटरची डिकी. आजी-आजोबांना मागच्या सीटवर बसवून, डिकीत सगळ्यांच्या बॅगा भरून जाता येईल अशी ही गाडी समोर मोकळा रस्ता आला की चालवणाऱ्याला थेट सीटला चिकटवते.

ज्यांना एवढे पैसे जमणार नव्हते, त्यांच्यासाठी ऑक्टोबर २०१५ मध्ये पुण्याजवळच्या रांजणगावातून फियाटची अबार्थ पुंटो निघाली. नाकावर विंचवाचं चिन्ह, १.४ लिटरचं टर्बो इंजिन, १४५ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि किंमत ९.९५ लाख. साध्या पुंटोपेक्षा ती जमिनीच्या अधिक जवळ होती, तरी पोटाखाली १५५ मिलिमीटर जागा उरत होती. दहा लाखांच्या आत एवढी ताकद देणारी गाडी तेव्हा दुसरी नव्हती. ती फार खपली नाही याची हळहळ वाटते.

पोटाखालची ही जागा नेमकी किती लागते, याचं उत्तर गतिरोधकाच्या आकारात दडलेलं आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, त्याची कमान १७ मीटर त्रिज्येची असावी. पुढच्या-मागच्या चाकांत २.७ मीटर अंतर असलेली गाडी अशा कमानीवर असताना दोन्ही चाकंही कमानीवरच असतात. त्यामुळे मधला उंचवटा पोटाच्या दिशेने सव्वापाच-साडेपाच सेंटिमीटरच वर येतो. म्हणजे पोटाखाली १४ सेंटिमीटर जागा असलेली गाडीसुद्धा आरामात निघते. पण गावोगावी डांबराचा किंवा सिमेंटचा हात-दीड हात रुंदीचा उंच वरंबा घातलेला असतो. पुढची चाकं तो ओलांडून खाली उतरतात, मागची अजून अलीकडेच असतात आणि वरंब्याची पूर्ण उंची पोटाखाली येते. त्यात पाच माणसं बसली की स्प्रिंगा दबून गाडी आणखी खाली बसते. मग ‘गाडी लागली’ हे शब्द ऐकू येतात. दोष दरवेळी गाडीचाच नसतो. मानक पाळलं तर या गाड्यांच्या अर्ध्या तक्रारी मिटतील.

टायरची गोष्ट अशीच आकड्यांत लपलेली आहे. २२५/४० आर१८ असं लिहिलेला टायर २२५ मिलिमीटर रुंद असतो आणि त्याच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ४० टक्के, म्हणजे फक्त ९० मिलिमीटर. वळणावर गाडी घट्ट धरून ठेवायला ही बुटकी भिंत उत्तम. पण पावसाळ्यात पाण्याने भरलेल्या खड्ड्यात चाक आपटलं की धक्का थेट अलॉय रिमवर जातो. टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या मधल्या भागात खिळा घुसला तर कोणताही पंक्चरवाला ट्यूबलेस टायरला वात घालून देईल. बाजूची भिंत फाटली तर टायर बदलण्यावाचून इलाज नाही, आणि हा साइज तालुक्याच्या गावात सहसा मिळत नाही. डिकीत दिलेलं बारीक स्टेपनी चाक ताशी ८० किलोमीटरच्या पुढे न्यायचं नसतं.

गिअरबॉक्सकडे लोकांचं लक्ष कमी जातं. आरएसच्या ऑटोमॅटिक डीएसजी गिअरबॉक्समध्ये दोन क्लच असतात आणि ते तेलात बुडालेले असतात. ट्रॅक्टरमागे पाच-पाच मीटर सरकताना क्लच सतत घासतो आणि तापतो. तेल ती उष्णता वाहून नेतं. याच कुळातल्या लहान गाड्यांमध्ये कोरडा क्लच असायचा, त्याला ही रांगेतली घासाघीस जड जाई. रोजच्या वापरासाठी एवढा एक फरक २० अश्वशक्तीपेक्षा मोलाचा आहे.

पेट्रोलचं गणितही बदललं आहे. आता पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलचा ऑक्टेन चांगला, पण लिटरमागे ऊर्जा कमी, त्यामुळे मायलेज थोडं घटतं. या मिश्रणासाठी इंधनवाहिन्या आणि रबरी सील तयार केलेल्या गाड्या साधारण एप्रिल २०२३ पासून येऊ लागल्या. त्याआधीच्या आरएस किंवा अबार्थच्या मालकाने दर सर्व्हिसला पेट्रोलची नळी आणि जोड तपासून घ्यावेत.

एवढी ताकद वापरायची कुठे, हा प्रश्न टाळता येत नाही. समृद्धी महामार्ग १५० किलोमीटर वेगासाठी आखला आहे, पण सपाट भागात कारला परवानगी १२० चीच आहे. तिथेही टायर झिजलेले किंवा हवा चुकीची असेल तर सलग तासाभराच्या वेगात ते तापून फुटू शकतात. आणि १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव पोर्शेच्या धडकेत दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला, हे या गाड्यांवर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवलं पाहिजे. ही किल्ली घरातल्या कोणाच्या हाती द्यायची आणि कोणाच्या नाही, हे गाडी घेण्याआधीच ठरायला हवं.

नवी गाडी आता सामान्य व्यावसायिकाच्याही आवाक्याबाहेर गेली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेली ऑक्टाव्हिया आरएस २६५ अश्वशक्तीची, पण ती पूर्ण आयात केलेली, भारतासाठी फक्त १०० गाड्या आणि किंमत ४९.९९ लाख. त्यावर महाराष्ट्रात वीस लाखांपुढच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के एकरकमी कर. आठ वर्षांत किंमत दुप्पट झाली, म्हणून हौशी माणसं जुन्या बाजाराकडे वळतात.

तिथे मात्र घाई नको. गाडी रॅम्पवर चढवून पोट बघावं, खरवडलेलं पत्र्याचं आवरण लगेच दिसतं. चाकं फिरवून रिम वाकलेली नाही ना हे पाहावं. टायरवरचा चार आकडी कोड वाचावा. २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर, नक्षी कितीही शाबूत दिसली तरी बदलण्याजोगा. सहा गिअरच्या डीएसजीचं तेल दर ६० हजार किलोमीटरला बदलल्याच्या पावत्या मागाव्यात. नसतील तर तो खर्च किमतीतून वजा करायला सांगावं. शेवटी घरच्या पाचही जणांना बसवून गाडी आपल्या गल्लीतल्या सर्वांत वाईट गतिरोधकावरून नेऊन पाहावी, आणि मगच विसार द्यावा.